डाव कुजला

१

उकंडाच्या कानात एक आवाज फार जुना आहे. भिजलेल्या अंबाडीची साल काडीवरून ओढतानाचा. आधी बारीकसा सर्र, मग मधल्या गाठीवर जरासं अडणं, आणि शेवटी साल सुटून हातात येताना एक ओला चपका.

तेव्हा दोर घरीच वळत. पावसाळा सरला की अंबाडीचे भारे नाल्यात बुडवायचे, वर दगड ठेवायचे आणि ती कुजायची वाट पाहायची. साल सैल झाली की उकंडाचा बाप मांडीभर पाण्यात उभा राही आणि एकेक काडी सोलून वाख, म्हणजे दोराचा धागा, काढी. काठावरून येणाराजाणारा विचारी, "कुजली का?" बाप म्हणे, "कुजली." त्या पाण्याचा वास पार वेशीपर्यंत यायचा. मेलेल्या जनावराचा वास, आणि त्यात काहीतरी गोड.

बाकीची पोरं नाक धरत. उकंडा कान धरायचा. साल सुटली की आतली काडी उघडी पडे, पांढरीफेक, ओली, कुठे रक्ताचा टिपूस नाही. ती पाहिली की तो तोंड फिरवायचा. झाडालाही कातडं असतं आणि ते काढता येतं, हे त्याला त्या नाल्यावर कळलं, आणि कळलं नसतं तर बरं झालं असतं असं तेव्हाच वाटलं.

पुढे नायलॉनचे दोर आले. नाल्यात अंबाडी घालणं बंद झालं. उकंडाची सत्तरी आली तरी तो आवाज पुन्हा कानावर पडला नव्हता. पडला तो बुद्धिबळाच्या स्पर्धेत, दुपारनंतर, गरगरणाऱ्या पंख्याखाली.

२

दिवाळी झाल्यावर एका रविवारी बाभुळगावच्या मंगल कार्यालयात बुद्धिबळाची खुली स्पर्धा असते. उकंडा दरवर्षी जातो. माणूस चौथी शिकलेला, जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी ओढून म्हातारा झालेला. बोलणं कमी, आणि तेही इतकं सावकाश की समोरचा त्याचं वाक्य स्वतःच पुरं करून टाकतो. तो जिंकायला जात नसे. पहिल्या फेऱ्यांत शाळेतली पोरं त्याला हरवत, तो हरवणाऱ्याच्या डोक्यावर हात ठेवून हसे, आणि शेवटच्या फेरीत खालच्या टेबलावर त्याची गाठ पूनमसिंगशी पडे, कारण दोघांचे गुण सारखेच कमी असत. त्या एका डावासाठी तो जायचा.

पूनमसिंग बोरी अरबजवळच्या तांड्यावरचा. त्याच्या पूर्वजांनी बैलांवर माल लादून मुलूख पालथा घातला, तो स्वतः शेती करून राहिला. दोघांची ओळख कापूस खरेदीच्या रांगेतली. तेव्हा गाड्या रांगेत खोळंबून पडत आणि गाडीवान वेळ जावा म्हणून बुद्धिबळ मांडत. उकंडा तिथे हमाल होता. पाहून पाहून त्याला खेळ आला. दुसरं कोणी नसलं की त्याला खेळू देत. पण त्याचा हात लागलेला मोहरा उचलायच्या आधी त्यावर गडव्यातलं पाणी शिंपडत. पाण्याने लाकडाचा काळा रंग सुटायचा आणि शिंपडणाऱ्यांच्याच बोटांना लागायचा. त्याचं मात्र कोणाला काही वाटत नसे.

एक दिवस रांगेत नवाच आलेला पूनमसिंग पटासमोर मांडी घालून बसला. त्याने तो गडवा उचलला आणि गटागटा पिऊन रिकामा केला.

"प्याचं पाणी लाकडाले पाजता का लेकहो," तो म्हणाला. मग उकंडाकडे वळला. "नाव काय तुहं?"

"उकंडा."

"असं काहून ठेवलं?"

उकंडाने सावकाश सांगितलं. आईची आधीची लेकरं जगली नव्हती. हा झाला तेव्हा त्याला आधी उकंड्यावर, शेणाकचऱ्याच्या ढिगावर, ठेवलं आणि मग घरात आणलं. असं केलं की मरणाला लेकराची किळस येते आणि ते वाट सोडून जातं.

पूनमसिंगने त्याच्या हातातला उंट काढून घेतला, तसाच, सुका, आणि पटावर ठेवला.

"मरणानं किळस केली तेवढी बस झाली," तो म्हणाला. "मांड भिया."

भिया म्हणजे त्यांच्या बंजाऱ्यांच्या गोरबोलीत भाऊ. त्यानंतर उकंडाच्या मोहऱ्यांवर तरी त्या रांगेत पुन्हा पाणी पडलं नाही.

३

या वर्षी दसऱ्याला उकंडाने फोन केला तेव्हा पूनमसिंगच्या सुनेने, बबिताने, उचलला.

"बाबा वावरात राह्यतात आता," ती म्हणाली.

"बरे हायेत ना?"

"हायेत." तिने आवाज खाली आणला. "तुमी नका येऊ काका. कामाचे दिवस हायेत."

सोयाबीन काढणीचे दिवस होते, तेव्हा वावरात राहणं काही नवल नव्हतं. उकंडाने फोन ठेवला. पण स्पर्धेच्या दिवशी सकाळी बायको रुखमाबाई भाकरीचा डबा बांधून देत होती तेव्हा तो म्हणाला, "येते का नाही काय माहीत."

"येतेच. तुमच्याशिवाय त्यायले हारवाले भेटते कोण?" रुखमाबाई म्हणाली.

पूनमसिंग आला होता. पण जवळ आला नाही. दिवसभर तो पलीकडच्या ओळीत खेळत होता आणि उकंडाला त्याची पाठ तेवढी दिसत होती. पाठ नेहमीची, एका खांद्यावर कललेली. एक गोष्ट मात्र उकंडाच्या नजरेत आली. पूनमसिंगच्या टेबलावरून उठलेलं पोरगं थेट बाहेरच्या नळावर गेलं. दुसऱ्या फेरीनंतर दुसरं पोरगं गेलं. त्याने हात धुतले, हुंगले, पुन्हा धुतले.

पोरं वडापाव खाऊन खेळायला बसतात, उकंडाने मनाशी म्हटलं. हात तेलकट झाले असतील.

४

शेवटच्या फेरीत दोघं समोरासमोर आले. टेबल भिंतीकडचं होतं, शेवटचं.

"जयभीम, उकंड्या."

"राम राम, पूनमसिंग."

दरवर्षी डावाआधी पूनमसिंग त्याचा हात मनगटापर्यंत धरून गदागदा हलवायचा, विहिरीचा रहाट हलवावा तसा. आज त्याचे दोन्ही हात टेबलाखाली होते. चेहरा उतरला होता, पण डोळे तेच होते, चिडवणारे.

"म्हातारा झाला बे तू," पूनमसिंग म्हणाला.

"तू कुठी जवान राह्यला?"

"मी तं हाय तसाच हाव. मले काही होत नाही."

उकंडाकडे पांढरे मोहरे होते. त्याने राजापुढचं प्यादं सरकवलं. पूनमसिंगचा हात टेबलाखालून वर आला, त्याने आपलं प्यादं सरकवलं आणि हात पुन्हा खाली गेला.

आवाज झाला नाही. प्लास्टिकचा मोहरा पटावर ठेवला की टक् होतं. सगळ्या हॉलभर ते टक् टक् चाललं होतं, सुपात दाणे पडावेत तसं. पूनमसिंगचं प्यादं चिखलात पाय टेकावा तसं टेकलं. त्याने बोट उचललं तेव्हा बोटापासून प्याद्याच्या डोक्यापर्यंत एक बारीक तार ताणली गेली, पिकल्या बेलाच्या गराला येते तशी, आणि तुटली.

डोळ्यांचं काहीतरी असेल. मोतीबिंदू काढल्यापासून उकंडाला उजेडाभोवती धागे दिसत. त्याने डोळे पुसले आणि घोडा बाहेर काढला.

थोड्याच चालींत पहिली मारामारी झाली. उकंडाने पूनमसिंगचं एक काळं प्यादं मारलं, म्हणजे ते दोन बोटांत धरून पटाबाहेर ठेवलं. ते गार होतं. ओल्या जागी पडून राहिलेली साबणाची वडी उचलली की खालची बाजू बोटाला जशी लागते, तसं लागलं. बोटं मिटायला गेला तर ती एकमेकांवरून घसरली. त्याने हात पायजम्याला पुसला. मग उगाच, सवयीने, नाक खाजवायला हात वर नेला आणि तसाच खाली आणला.

तो वास त्याला माहीत होता. त्यात ते गोडही होतं.

५

उकंडा घाईने काही ठरवणारा माणूस नव्हता. तो विचार करत बसला. शुगर असेल. शुगर वाढली की जखमा चिघळतात, वास येतो, जिनिंगमधल्या एकाचा पाय तसाच गेला होता. नाहीतर फवारणीचं औषध लागलं असेल, औषधाने हाताची सालपटं निघतात. नाहीतर सुनेने काहीतरी तेल चोळलं असेल. ही सगळी कारणं चांगली होती. त्यातलं कोणतंही खरं असलं तर उकंडाला चाललं असतं.

"हाताले काय झालं रे?" त्याने विचारलं.

"कोनाच्या?"

"तुह्या."

पूनमसिंगने हात वर धरला, पुढून पाहिला, उलटा करून पाहिला. जखम नव्हती. पट्टी नव्हती. हात सुजलाही नव्हता. नुसता ओला होता, आणि कातडं जरा जास्त झाल्यासारखं, मोठ्या भावाचा सदरा धाकट्याने घालावा तसं, मनगटापाशी सैल पडलं होतं.

"काय झालं?" पूनमसिंगने उलट विचारलं.

"ओला दिसते."

"पावसात भिजलो होतो."

"पाऊस तं कवाचाच गेला."

"हाव," पूनमसिंग म्हणाला. त्याने थोडा विचार केला. "सुकलाच नाही मंग."

त्याने उंट हलवला. पुन्हा तो चिखलातला आवाज. शेजारच्या टेबलावरच्या पोराने खुर्ची जराशी पलीकडे ओढली. पंच कपिल सर ओळीतून फिरत येत होते, ते दोन टेबलं आधीच वळले, आणि वळताना त्यांचा रुमाल नाकाला होता. म्हणजे हे डोळ्यांचं नव्हतं. उकंडाला हायसं वाटायला हवं होतं. उलट ते डोळ्यांचंच असतं तर बरं, असं त्याला वाटलं.

"जेवतो कुठी?" त्याने विचारलं.

"वावरात. डब्बा धुऱ्यावर, बांधावरच ठेवतात."

"कोन?"

"बबिता. नाहीतं पोरगा. ठेवतात अन् जातात. आवाज देत नाहीत."

"अन् नात?"

"लहान लेकरू हाय. भेते." पूनमसिंग हसला. "तुही चाल हाय. बोलण्यात घुमवू नको."

६

त्यानंतर उकंडाने मारामारी टाळायला सुरुवात केली.

पूनमसिंगचा घोडा फुकट मिळत होता, त्याने घेतला नाही. उंट मिळत होता, तोही सोडला. नियम असा की ज्या मोहऱ्याला हात लागला तो चालवायचा, आणि ज्याला मारायला हात लावला तो मारायचा. त्याचे हात टेबलाच्या कडेवरच थबकत. पण बुद्धिबळात सगळंच टाळता येत नाही. पूनमसिंगचा हत्ती त्याच्या राजावर चालून आला तेव्हा मारणं भाग पडलं. उकंडाने आपला उंट उचलला आणि उंटाच्या बुडाने तो काळा हत्ती ढकलला. हत्ती आडवा पडला, घरंगळत पटाच्या कडेला गेला आणि मागे पटावर एक चकचकीत रेघ ठेवून गेला, गोगलगाय गेल्यावर राहते तशी.

युक्ती छान होती. बोट लावायची गरज नव्हती. पुढचा मोहराही त्याने तसाच ढकलला, त्यापुढचाही. मग एकदा ढकलताना त्याचं लक्ष स्वतःच्या हाताकडे गेलं. करंगळी वर उचललेली, मनगट आखडलेलं, चेहरा बाजूला वळवलेला. असा हात त्याने पाहिला होता. कापसाच्या रांगेत रोज पाहिला होता, गडव्यावर.

उकंडाच्या कानशिलांत रक्त चढलं. किळस कमी झाली नाही, तिच्यावर लाज येऊन बसली एवढंच. त्याने मनाशी एक गोष्ट पक्की केली. ह्या माणसाचं काय झालं आहे ते न कळलं तरी चालेल. डाव हरला तरी चालेल. पण आपल्याला त्याची किळस येते आहे हे त्याला कळता कामा नये. जगात कोणाकडूनही कळो, आपल्याकडून नको.

पुढचा मोहरा बोटांनी उचलायचा असं ठरवून त्याने वजिराने पूनमसिंगचा दुसरा हत्ती मारला. हात त्या हत्तीवर नेला. बोटं जवळ गेली आणि तिथेच थांबली. त्याने जोर लावला, बोटं पुढे जाईनात. जणू ती दुसऱ्या कोणाची होती.

"राहू दे," पूनमसिंग हळूच म्हणाला. "मीच उचलतो."

त्याचा ओला हात पटावरून आला आणि आपलाच मेलेला हत्ती उचलून घेऊन गेला. त्यानंतर उकंडाने मारलेला प्रत्येक मोहरा पूनमसिंग स्वतः उचलत राहिला. डाव मात्र मन लावून खेळला.

७

हॉल रिकामा होत आला. बक्षिसांचं टेबल मांडत होते, माईकवाला हॅलो हॅलो करत होता. त्यांच्या पटावर आता फारसं काही उरलं नव्हतं. पूनमसिंगचा राजा समोरच्या उजव्या कोपऱ्यात, आणि पार डाव्या कडेला त्याचं एक प्यादं, उकंडाच्या प्याद्याशी डोकं भिडवून अडलेलं. उकंडाकडे राजा, ते प्यादं आणि वजीर. वजिराने ते काळं प्यादं मारायचं आणि मग राजाला निवांत कोंडायचं. शाळेतल्या पोरालाही जमलं असतं.

उकंडा त्या काळ्या प्याद्याकडे पाहत होता. त्याच्या डोक्यावर काहीतरी चिकटलं होतं, कांद्याच्या पापुद्र्यासारखं पातळ, कडेला जरा वळलेलं. पंख्याच्या वाऱ्याने ते हललं. त्यावर बारीक बारीक गोल रेघा होत्या. अंगठा शाईत बुडवून कागदावर उमटवतात, तशा. उकंडाने नजर भिंतीकडे वळवली.

"मारत काहून नाही?" पूनमसिंगने विचारलं.

"पाहून राह्यलो."

"तू पाहून नाही राह्यला, उकंड्या. तू मघापासून भिंतीकडे पाहून राह्यला."

उकंडाने नजर पुन्हा पटाकडे आणली.

"मार. मी उचलतो ना," पूनमसिंग म्हणाला. रडत्या लेकराला समजवावं अशा आवाजात म्हणाला. त्या आवाजानेच उकंडाचा धीर गेला. ह्या माणसाने आपल्यासाठी आणखी एकदा स्वतःचं मेलेलं प्यादं उचलावं, हे त्याच्याने पाहवेना. त्याने वजीर उचलला, प्याद्याकडे नेला नाही, तिरपा नेऊन थेट राजाच्या जवळ ठेवला आणि घड्याळाचं बटण दाबलं.

बटण दाबल्यावर त्याला दिसलं. पूनमसिंगच्या राजाला शह नव्हता. पण त्याला पाऊल टाकायला एकही घर नव्हतं, आणि प्यादं तर अडलेलंच. पूनमसिंगकडे चाल नव्हती. असा डाव कोणी जिंकत नाही, कोणी हरत नाही.

पूनमसिंग पटाकडे बराच वेळ पाहत राहिला.

"कुजला," तो म्हणाला.

अशा बरोबरीला डाव कुजला म्हणतात. बुद्धिबळ खेळणारा मराठी माणूस तसंच म्हणतो. दोघांनी हा शब्द इतक्या वर्षांत कितीदा वापरला असेल आणि हसून दुसरा डाव मांडला असेल. आज तो ऐकला आणि उकंडाला मांडीभर पाण्यात उभा असलेला बाप दिसला.

८

"झालं का बाबा?" कपिल सरांनी लांबूनच विचारलं. "काय झालं?"

"बरोबरी," पूनमसिंग म्हणाला.

"मग हात मिळवा, म्हणजे मी लिहून घेतो."

पूनमसिंगने हात वर काढला नाही. तो उकंडाकडे पाहत होता, आणि नजरेत कुठेही राग नव्हता.

"लिहून घ्या सर तसंच," तो म्हणाला. "याची एस.टी. हाय. जा बे तू, सुटून जाईन."

एस.टी.ला अजून भरपूर वेळ होता. पूनमसिंगला ते ठाऊक होतं. त्याने दार उघडून दिलं होतं, आणि उकंडाने नुसतं उठून बाहेर पडायचं होतं. उकंडा उठलासुद्धा. उभं राहिल्यावर त्याला पूनमसिंगची खुर्ची दिसली. बैठकीवरून खाली फरशीपर्यंत एक ओघळ गेला होता.

त्याने आपला उजवा हात पटावरून पुढे केला.

"नको," पूनमसिंग म्हणाला.

"दे."

"उकंड्या, नको म्हणतो ना."

"दे रे," उकंडा म्हणाला. त्याने आयुष्यात कोणाला इतक्या झटपट उत्तर दिलं नव्हतं.

टेबलाखालून हात आला. उकंडाने तो धरला. घशाशी आंबट आलं, पण त्याने धरून ठेवला. हात गार होता आणि बोटांखाली कातडं इकडून तिकडे सरकत होतं. मग पूनमसिंगची पकड घट्ट झाली. आणखी घट्ट. पाण्यात पडलेला माणूस काठावरचं गवत धरतो तशी. उकंडाने डोळे मिटले. किती वेळ गेला कोणास ठाऊक. माईकवाला अजून हॅलो हॅलो करत होता.

मग पूनमसिंगने हात ओढून घेतला.

आधी बारीकसा सर्र झाला. मग बोटांच्या पेरांपाशी जरासं अडलं. मग तो ओला चपका.

उकंडाचे डोळे उघडले ते आपोआप. पूनमसिंगचा हात अजून हवेतच होता. पांढराफेक, सरळ, स्वच्छ. कुठे रक्ताचा टिपूस नाही. नखं नव्हती. क्षणभरच दिसलं. पूनमसिंगने हात सदऱ्याच्या खिशात घातला.

"लय दिवसानं कोनं हात धरला, भिया," तो म्हणाला. तो आवाज म्हाताऱ्याचा नव्हता. तो कापसाच्या रांगेतल्या पोराचा होता.

तो निघून गेला. उकंडा तिथेच उभा राहिला, मूठ मिटून. मुठीत काय आलं आहे ते पाहायची त्याची छाती होईना. शेवटी त्याने एकेक बोट सोडलं.

मुठीत काही नव्हतं. म्हाताऱ्याचा सुका तळवा, जुन्या घट्ट्यांचा.

बाहेर आला तेव्हा पूनमसिंग चहाच्या टपरीवर उभा होता. ज्या पोराने दुपारी पुन्हा पुन्हा हात धुतले होते, ते त्याच्या खांद्याला खांदा लावून चहा पीत होतं. पूनमसिंगने काहीतरी चावट सांगितलं आणि पोरगं खो खो हसलं. त्याने गिलास टपरीच्या फळीवर ठेवला. टक् आवाज झाला.

९

एस.टी.त गर्दी होती. उकंडा टोपलं घेतलेल्या एका बाईच्या शेजारी बसला. पुढच्या थांब्यावर ती आपली जागा सोडून उठली आणि पुढे जाऊन उभी राहिली. उतरणार असेल, उकंडाने मनात म्हटलं. ती उतरली नाही.

घरी येऊन त्याने बाहेरच्या टाकीवर हात धुतले. साबणाने धुतले, राखेने घासले, लिंबाचा पाला चोळला. हाताला काही नव्हतंच. नव्हतं ते किती धुवायचं, म्हणून तो ओसरीवर येऊन बसला. ऊन कलत होतं. मुलगा धम्मरत्न कामावरून यायचा होता. रुखमाबाईने चहा आणला आणि शेजारी टेकली.

"काय झालं मंग? हारले का जिकले?"

"कुजला."

"काय कुजलं?"

"डाव."

"मले वाटलं..." ती बोलता बोलता थांबली. तिने नाकाने वास घेतला, अंगणाकडे पाहिलं, टाकीकडे पाहिलं. "उंदीर मेला वाटते कुठीतरी. तुमाले वास नाही येत?"

"नाही," उकंडा म्हणाला. ते खरं होतं. त्याला आता कसलाच वास येत नव्हता.

"पूनमसिंग भाऊजी कसे हायेत?"

"चांगला हाय. चहा पेत होता. हासत होता."

"मंग सून काहून तसं बोलली होती?"

"कामाचे दिवस असतात," उकंडा म्हणाला.

लग्न झाल्यापासून दोघांची एक रीत होती. चहा एकाच कपात यायचा. अर्धा तो प्यायचा, उरलेला अर्धा त्याच कपातून ती. घरात कपांचा तोटा होता तेव्हाची सवय, पुढे कप आले तरी राहिली. सुना-नातवंडं हसत, रुखमाबाई म्हणे, त्यायच्या तोंडचा चहा गोड लागते मले.

उकंडाने अर्धा चहा प्यायला आणि कप तिच्यापुढे धरला.

तिने घ्यायला हात पुढे केला. बोटं कपाच्या जवळ आली आणि थांबली. उकंडाला ती नीट दिसली. जोर लावत होती बिचारी, पण बोटं पुढे जाईनात. तिची नजर कपाच्या कानावर होती, जिथे त्याचा अंगठा टेकला होता. त्याने अंगठा जरासा उचलला. चिनी मातीपासून अंगठ्यापर्यंत उन्हात काहीतरी बारीक चमकलं, आणि तुटलं.

"रुखमा," तो म्हणाला.

तिने त्याच्याकडे पाहिलं. डोळ्यांत पाणी होतं. मग तिने हात मागे घेतला, पदर नाकाला लावला, भिंतीचा आधार घेत उठली आणि आत निघून गेली.